ब्रूस ली: चार चित्रपटांचा माणूस अजून का पुरतो?

प्रश्न असा आहे: ब्रूस लीने नायक म्हणून जेमतेम चार चित्रपट पूर्ण केले आणि बत्तिसाव्या वर्षी तो गेला. तरीही पन्नास वर्षांनंतर तो टी-शर्टवर, व्हिडिओ गेममध्ये, जिमच्या भिंतीवर आणि आंदोलनाच्या फलकांवरही दिसतो. हे नुसतं जुन्या आठवणींचं आणि जाहिरातीचं कौतुक आहे, की त्याने खरंच काही बदललं? तो खरा फायटर होता की पडद्यावरचा? आणि आजच्या एमएमएचा, म्हणजे वेगवेगळ्या पद्धती मिसळून लढायच्या खेळाचा, जनक तोच, हे कितपत खरं?

मी मार्शल आर्ट शिकवतो आणि अधूनमधून पडद्यासाठी मारामाऱ्याही बसवून देतो, त्यामुळे या माणसाशी माझी गाठ रोजच पडते. माझं मत आधीच सांगून टाकतो. त्याचा प्रभाव पसरला तो नकलेतून, आणि ज्याची जगाने एवढी नक्कल केली तो माणूस आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत कळवळून एकच गोष्ट सांगत होता की नक्कल करू नका. या विसंगतीतच तो इतका का टिकला याचं बरंचसं उत्तर आहे.

नक्कल म्हणजे काय, ते नीट सांगतो. एरवी नटाची नक्कल करायची तर केस तसे कापावेत, शर्ट तसा शिवावा, संवाद पाठ करावेत. तेवढ्याने काम भागतं. ब्रूस लीची नक्कल तोंडाने होत नाही, ती अंगाने करावी लागते. पाय उचलावा लागतो, आणि उचलला की कळतं की तो कमरेच्या वर जातच नाही. नाकाला अंगठा लावून गार्ड घेता येतो, पण पुढचं पाऊल टाकताना तोल जातो. या अडचणीमुळे 1970 च्या दशकात जगभरातली लाखो पोरं कुठल्या ना कुठल्या क्लासच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथे कराटे शिकवत असोत, तायक्वांदो असो वा ज्युदो, पोरांना फरक कळत नव्हता. त्यांना 'ते' शिकायचं होतं. बऱ्याच शिक्षकांचा संसार त्या काळात या एका माणसाच्या जिवावर चालला, आणि त्यातले काही त्याला मनातून शिव्याही देत असत, कारण मूल तीन महिन्यांत त्याच्यासारखं उडायला मागायचं.

आता तो फायटर होता का, ते आधी उरकून घेऊ, कारण याच्यावर लोक तासन्‌तास भांडतात. अधिकृत नोंदीत सापडणारं फारसं काही नाही. हाँगकाँगमध्ये 1958 साली शाळांमधल्या मुष्टियुद्ध स्पर्धेत तो जिंकला. त्याच वर्षी त्याने चा-चा नृत्याची स्पर्धाही जिंकली होती, आणि माझ्या मते त्याच्या पायांकडे पाहताना हा दुसरा विजय लक्षात ठेवणं जास्त उपयोगाचं आहे. 1964 च्या अखेरीस ऑकलंडमध्ये वाँग जॅक मान या कुंग फू शिक्षकाशी त्याची बंद दाराआड झुंज झाली. ती किती वेळ चालली आणि कशी संपली याच्या दोन्ही बाजूंच्या कथा जुळत नाहीत. एका गोष्टीबद्दल मात्र त्याच्या जवळच्यांचं एकमत आहे: झुंजीनंतर तो स्वतःवर नाराज होता. दम लागला होता आणि विंग चुन या कुंग फू प्रकाराची शिकलेली पद्धत पळत्या माणसापुढे तोकडी पडली होती. पुढची सगळी उलथापालथ या नाराजीतून सुरू झाली. व्यावसायिक स्पर्धेत तो कधी उतरला नाही, त्यामुळे 'तो अमक्याला हरवू शकला असता का' या चर्चेला तळ नाही. सरावात त्याच्यासमोर उभे राहिलेल्या कराटे विजेत्यांनी त्याचा वेग आणि टायमिंग मानलं, एवढं पुरे.

त्याच्या दंतकथेतलं सगळ्यात प्रसिद्ध प्रकरण म्हणजे एक इंचावरून मारलेला ठोसा. एड पार्कर यांनी 1964 साली लाँग बीच इथे भरवलेल्या आंतरराष्ट्रीय कराटे स्पर्धेत त्याने तो करून दाखवला. समोरच्या माणसाच्या छातीजवळ मूठ, मध्ये बोटभर अंतर, मागे खुर्ची. मूठ हलली न हलली तोच माणूस मागे जाऊन खुर्चीत कोसळतो. यात जादू नाही, पण फसवणूकही नाही. नीट पाहा: समोरचा माणूस दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून ताठ उभा असतो, म्हणजे मागे जाणारा जोर पेलायला त्याच्याकडे मागचा पायच नाही. ब्रूस लीचा मागचा पाय आधी जमीन ढकलतो, मग गुडघा सरळ होतो, कंबर वळते, खांदा पुढे येतो, कोपर सुटतं आणि शेवटी मनगट किंचित वर उचललं जातं. हे सगळं इतक्या कमी वेळात एकामागून एक व्हायला हवं की बघणाऱ्याला फक्त मनगट दिसावं. माझ्या क्लासमध्ये पोरं हा ठोसा मागतात तेव्हा मी त्यांना आधी भिंतीला पाठ लावून उभं करतो आणि तिथून मारायला लावतो. टाच आणि कंबर वापरता आली नाही की ठोशातली हवा निघून जाते. मग त्यांना कळतं की ठोसा हातात नसतोच.

त्याला सिनेमातलं काय कळलं होतं, याकडे आता येतो, कारण माझ्या मते त्याचं खरं मोठेपण इथेच आहे. तो नटाच्या घरातला. वडील ली होई-चुएन कँटोनीज ऑपेरातले कलावंत. ते अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना 27 नोव्हेंबर 1940 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत याचा जन्म झाला. तान्हा असतानाच तो कॅमेऱ्यासमोर आला आणि हाँगकाँगमध्ये बालनट म्हणून वाढला. म्हणजे इप मान यांच्याकडे विंग चुन शिकायला लागण्याच्या बऱ्याच आधी त्याला कॅमेरा माहीत होता. पडद्यावर लढणाऱ्यांपैकी बहुतेकांची गोष्ट उलटी असते. ते आधी लढायला शिकतात आणि कॅमेरा नंतर भेटतो.

त्याच्या आधी हाँगकाँगच्या चित्रपटांत तलवारबाजी जोरात होती. ट्रॅम्पोलिनवरून उड्या, तारांवर तरंगणं, मध्येच कट, आणि एकाच चालीत पडणारे वीस जण. हातघाईची मारामारी तोवर येऊ लागली होती, पण तिलाही नाचासारखी ठरीव लय होती: वार, अडवणूक, वार, अडवणूक. ब्रूस लीने ही लय मोडली. तो आधी काहीच करत नाही. उभा राहतो, बघतो, प्रेक्षकाला ताणतो. मग एक फटका, आणि मारामारी संपली. फाइट बसवणाऱ्यांना हे फार अवघड जातं, कारण हाताशी माणसं असली, दिवस भाड्याचा असला की भरपूर हाणामारी दाखवायचा मोह होतो. थांबण्यावर वेळ 'खर्च' करायला निर्मात्याला पटवावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्रेम. आपला वेग लपवायला त्याला कटची गरज नव्हती, उलट कट नसेल तरच तो वेग दिसणार होता. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत अख्खं शरीर चौकटीत ठेवायचं आणि कॅमेरा शांत ठेवायचा. आजच्या कितीतरी मारामाऱ्यांत कॅमेरा थरथरतो आणि सेकंदाला एक कट पडतो. त्यामागचं कारण साधं असतं, नटाला येत नाही. ज्या नटांना येतं ते आजही फाइट मास्टरकडे एकच मागणी करतात की मला पूर्ण फ्रेममध्ये ठेवा. ही मागणी करायचं धैर्य त्यांना कुठून आलं, हे वेगळं सांगायला नको.

'वे ऑफ द ड्रॅगन' हा 1972 चा चित्रपट त्याने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्यातली चक नॉरिसबरोबरची झुंज मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवतो. ती घडते रोमच्या कलोसियममध्ये, पण बराचसा भाग हाँगकाँगच्या स्टुडिओतल्या सेटवर घेतला आहे. सुरुवातीला दोघंही सावकाश अंग मोकळं करतात, बोटं मोडतात, एका मांजराकडेही कॅमेरा जातो. झुंज सुरू होते आणि नायक मार खातो. खाली पडतो, उठतो, पुन्हा पडतो. तो पारंपरिक पद्धतीने लढतोय आणि समोरचा धिप्पाड माणूस त्याच पद्धतीत सरस आहे. मग तो चवड्यांवर येतो. खांदे सैल सोडतो, डावी-उजवीकडे डोलायला लागतो, लय तोडतो. पावलं थेट मुहम्मद अलीची आहेत. अलीच्या लढतींच्या फिल्म तो पुनःपुन्हा लावून बघत असे. प्रतिस्पर्ध्याला अंतरच सापडेनासं होतं. एकही संवाद न बोलता हा माणूस आपली सगळी विचारपद्धती पडद्यावर मांडतो: पद्धत चालत नसेल तर सोड.

आणि त्यानंतरचा भाग. हात-पाय निकामी झालेला नॉरिस उठायचा प्रयत्न करतो, नायक मानेनेच नकार देतो, थांब म्हणतो. तो ऐकत नाही. त्याला मारल्यावर नायक त्याचा पांढरा पोशाख आणि काळा पट्टा आणून त्याच्या अंगावर पांघरतो. विजयाचा आनंद नाही, आरोळी नाही. क्लासमध्ये स्पारिंगनंतर वाकून नमस्कार का करायचा, हे मी कितीही समजावलं तरी पोरांना पटत नाही. हा प्रसंग पाहिल्यावर पटतं.

आता जगाने त्याला का उचललं ते. त्यासाठी अमेरिकेतला आधीचा काळ पाहावा लागतो. 1959 मध्ये तो अमेरिकेत परतला, सिएटलच्या एका रेस्तराँत काम करत शिकला, शिकवू लागला. 'द ग्रीन हॉर्नेट' ही मालिका 1966-67 मध्ये 26 भाग चालली आणि त्यात त्याला काटो हे पात्र मिळालं. काटो म्हणजे नायकाचा मोटारचालक आणि नोकर, तोंडावर मुखवटा, बोलायला फारसं काही नाही. हाँगकाँगमध्ये मात्र तीच मालिका 'काटो शो' म्हणून ओळखली गेली. हॉलिवूडमध्ये तेव्हा चिनी माणूस एक तर नोकर असे, नाही तर खलनायक. आणि चिनी माणूस नायक असलाच तर ती भूमिका गोरा नट डोळे तिरके करून करायचा. 1972 मध्ये 'कुंग फू' ही मालिका आली तेव्हाही शाओलिनच्या भिक्षूची भूमिका डेव्हिड कॅराडाइनकडे गेली. त्याआधी, 1971 च्या एका टीव्ही मुलाखतीत, चिनी नायकाला होणाऱ्या विरोधाबद्दल विचारलं गेलं तेव्हा ब्रूस लीने आदळआपट केली नाही. पैसा लावणाऱ्याची भीती मला समजते, मी त्यांच्या जागी असतो तर मलाही काळजी वाटली असती, अशा अर्थाचं तो बोलला. पण तोवर त्याने वाट बदललेली होती.

हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्ट या चित्रपट कंपनीच्या रेमंड चाउ यांच्यासाठी त्याने 1971 मध्ये थायलंडमधल्या पाक चोंग या गावी 'द बिग बॉस' केला. कथा बेताची, पैसे त्याहून बेताचे. त्याने हाँगकाँगचे उत्पन्नाचे विक्रम मोडले आणि पुढच्या दोन चित्रपटांनी तो विक्रमही मोडला. या चित्रपटांतला नायक राजपुत्र नाही. तो बर्फाच्या कारखान्यातला मजूर आहे, रोममध्ये भाषा न येणारा खेडवळ माणूस आहे. त्याला भूक लागते, लाज वाटते, त्याची चेष्टा होते. मारामारी हा त्याचा शेवटचा उपाय असतो आणि तो हात उचलेपर्यंत प्रेक्षक खुर्चीत वळवळत राहतो.

'फिस्ट ऑफ फ्युरी' मध्ये तर अपमान हेच कथानक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं शांघाय, परक्यांच्या ताब्यातल्या वसाहती. जपानी आखाड्यातले लोक चिनी शाळेत गुरूच्या शोकसभेत एक पाटी आणून देतात: पूर्व आशियाचा आजारी माणूस. नायक एकटा त्यांच्या आखाड्यात जातो, सगळ्यांना लोळवतो आणि त्या पाटीवरचा कागद फाडून त्यांच्याच तोंडात कोंबतो. पुढे एका बागेच्या दारावर कुत्र्यांना आणि चिनी लोकांना प्रवेश नाही अशी पाटी आहे. ती तो उडी मारून लाथेने फोडतो. त्या दारावर त्याला अडवणारा पहारेकरी पगडीधारी शीख आहे, हे आपल्याकडच्या प्रेक्षकांच्या चटकन लक्षात येतं आणि जरा टोचतंही. ब्रिटिशांनी शांघायच्या पोलिसांत शीख खरोखरच नेमले होते. एका गुलाम देशातल्या माणसाला दुसऱ्या अपमानित माणसासमोर उभं करायची त्यांची जुनी रीत. हा चित्रपट जपानद्वेषाने भरलेला आहे, त्यात सूक्ष्मपणा शून्य आहे, हे मान्यच. पण अपमान गिळून जगणाऱ्या कुठल्याही समाजात ती पाटी फुटली की शिट्ट्या का पडल्या, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमध्ये तो सगळ्यात आधी घरचा झाला. स्वस्तातल्या थिएटरांत कुंग फूचे चित्रपट लागायचे आणि पडद्यावर गोरा नसलेला नायक बंदुकीशिवाय, नुसत्या अंगाच्या जोरावर जिंकायचा. 'एंटर द ड्रॅगन' या त्याच्या हॉलिवूडपटात काळा कराटेपटू जिम केली होता, त्याला पुढच्याच वर्षी स्वतःचा नायकपट मिळाला. पुढे हिप-हॉपमध्ये जे कुंग फूचं वेड दिसतं त्यावर शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या दुसऱ्या कंपनीच्या चित्रपटांचा ठसा जास्त आहे, सगळं श्रेय ब्रूस लीला देऊ नये. पण त्या थिएटरात जायची सवय लावली त्यानेच. आशियाई अमेरिकनांना तो अभिमान देऊन गेला आणि एक कटकटही. शाळेतल्या प्रत्येक चिनी, कोरियन, व्हिएतनामी पोराला 'तुला कुंग फू येतं का रे' हे विचारलं जाऊ लागलं. जुना साचा मोडला आणि नवा तयार झाला. त्याच्या प्रभावाची ही बाजू कौतुकाच्या भरात राहून जाते.

बोस्नियातल्या मोस्तार शहराची गोष्ट मला फार आवडते. 1990 च्या दशकातल्या युद्धाने हे शहर क्रोएट आणि बोस्नियाक असं दुभंगलं. तिथल्या काही तरुणांनी पुतळा कोणाचा उभारावा याचा विचार केला, आणि दोन्ही बाजूंना चालेल असा एकही स्थानिक वीर सापडेना. शेवटी 26 नोव्हेंबर 2005 रोजी तिथे ब्रूस लीचा कांस्य पुतळा उभा राहिला, हाँगकाँगच्या पुतळ्याच्या एक दिवस आधी. लगेचच कोणीतरी त्याची नासधूस केली, तो काढावा लागला आणि 2013 मध्ये परत बसवला गेला. एकाच वेळी सगळ्यांचा आणि कोणाचाच नाही असा माणूस मिळणं सोपं नसतं. त्याच्या बाबतीत हे जन्मापासूनच होतं: अमेरिकेत जन्म, हाँगकाँगमध्ये बालपण, आईकडून थोडं युरोपीय रक्त, शिष्यांत काळे, गोरे, जपानी, फिलिपिनो सगळे. चिन्यांखेरीज इतरांना मोकळेपणाने शिकवण्यावरून तेव्हाच्या काही चिनी शिक्षकांचा त्याच्यावर राग होता, असं त्याच्याकडचे लोक सांगत आले.

पाण्यासारखा हो, हे त्याचं वाक्य तर 2019 च्या हाँगकाँगमधल्या आंदोलनाची रणनीतीच झालं. एका जागी ठिय्या द्यायचा नाही, जमायचं, पांगायचं, दुसरीकडे उगवायचं. वाक्य मुळात 'लाँगस्ट्रीट' या 1971 च्या मालिकेतल्या त्याच्या भूमिकेतलं. भाग लिहिणारा स्टर्लिंग सिलिफंट हा त्याचाच शिष्य. विचार त्याहून कितीतरी जुना, लाओ त्सूच्या परंपरेतला. हे सांगतोय कारण त्याच्या नावावर फिरणारी कितीतरी सुभाषितं त्याची नाहीतच. तो वाचायचा, आवडलेलं वहीत उतरवून घ्यायचा, स्वतःसाठी. 1975 मध्ये, तो गेल्यावर दोन वर्षांनी, त्या टिपणांचं पुस्तक निघालं आणि कोणाचं काय हे कळेनासं झालं. तलवारबाजीच्या पुस्तकांतले उतारे आहेत, जॅक डेम्प्सीच्या बॉक्सिंगवरच्या पुस्तकातून घेतलेलं आहे आणि कृष्णमूर्तींचं तर भरपूर आहे.

कृष्णमूर्तींचा धागा जरा धरून ठेवतो. 1970 मध्ये खांद्यावर वजन घेऊन पुढे वाकण्याचा व्यायाम करताना त्याची पाठ दुखावली आणि त्याला कित्येक महिने पडून राहावं लागलं. त्या काळात त्याने जे वाचलं त्यात जे. कृष्णमूर्ती ठळक होते. कृष्णमूर्तींनी 1929 मध्ये हॉलंडमधल्या ओमेन इथे आपल्यासाठी उभी केलेली संघटना स्वतःच बरखास्त केली होती. सत्याकडे जाणारी आखलेली वाट नसते, मग तिच्यासाठी संघटना कशाला, असं म्हणून. ब्रूस लीनेही 1970 मध्येच सिएटल, ऑकलंड आणि लॉस एंजेलिस इथल्या आपल्या तिन्ही शाळा बंद केल्या. आपल्या लढण्याच्या पद्धतीला जीत कुन डो हे नाव त्याने 1967 मध्ये दिलं होतं आणि ते दिल्याचाच त्याला पुढे पश्चात्ताप होत गेला, कारण लोक त्याचीही 'स्टाइल' करू लागले. येणारा वार आधी अडवून मग उत्तर द्यायचं यापेक्षा तो सुटतानाच त्याला गाठायचं, पुढचा हात ताकदीचा ठेवायचा, उपयोगी ते घ्यायचं, निरुपयोगी टाकायचं. एवढंच ते होतं. आज जगात जीत कुन डोच्या शाळा आहेत, प्रमाणपत्रं आहेत, 'मूळ' आणि 'संकल्पनात्मक' असे गट आहेत आणि त्यांच्यात वाद आहेत. शिष्यांचं हे नेहमीचंच असतं.

एमएमएचा जनक? एमएमएच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी त्याला तसं म्हटलं आहे आणि वाक्य गाजलं. मी ते अर्धंच मान्य करतो. 'एंटर द ड्रॅगन' च्या सुरुवातीच्या झुंजीत तो सॅमो हंगशी लढतो तेव्हा दोघांच्या हातात बोटं उघडी राहतील असे छोटे ग्लोव्ह्ज आहेत, उचलून आपटणं आहे आणि झुंज संपते ती हात पिरगाळून, समोरच्याने जमीन थोपटून हार मानण्यावर. 1973 मध्ये पडद्यावर हे दाखवणं विलक्षण होतं. कुस्तीतली पकड तो ज्युदोपटू जीन लेबेल यांच्याकडून शिकला होता. पण स्पर्धेच्या अंगाने पाहिलं तर एमएमए आलं ब्राझीलच्या वाले तुदो या जवळपास बेनियम झुंजींमधून, तिथल्याच ग्रेसी या जुजुत्सू घराण्याच्या आव्हानांतून, जपानच्या शूटो या मिश्र झुंजींच्या खेळातून. 1993 मध्ये पहिल्या यूएफसीत रॉयस ग्रेसी जिंकला तो जमिनीवरच्या पकडींच्या जोरावर, आणि तो भाग ब्रूस लीच्या शिकवणीत दुय्यम होता. ब्रूस लीने घडवलं ते खेळाडूंचं मन. बॉक्सरने कुस्ती शिकायला आणि कराटेवाल्याने थाय किक शिकायला हरकत नाही, गुरूशी ती गद्दारी नाही, हे त्याच्या आधी क्लासमध्ये म्हणणं कठीण होतं. मी शिकत होतो तेव्हाही दुसऱ्या क्लासला गेल्याचं कळलं तर सर बोलणं बंद करत.

शरीराबद्दल थोडक्यात. मार्शल आर्टवाल्यांनी वजनं उचलू नयेत, स्नायू जड होतात, वेग जातो, हा समज तेव्हा पक्का होता. त्याने वजनं, धावणं, दोरी, आहार सगळं वहीत नोंदवत केलं, आणि शर्ट काढून तो समज खोटा ठरवला. दिखाऊ फुगलेले दंड नाहीत, पाठ मात्र नागाच्या फण्यासारखी उघडते. जिममधल्या भिंतीवर तो आहे तो यामुळे.

नानचाकूचं प्रकरण तर प्रभावाचं सगळ्यात मोजता येण्यासारखं उदाहरण. दोन काठ्या आणि मधली साखळी. त्याचे शिष्य डॅन इनोसान्टो यांच्यामुळे ते त्याच्या हाती आलं. पडद्यावर आलं आणि पोरांनी घरी झाडूच्या दांड्यांचे बनवले, स्वतःच्याच कोपरांवर आणि कपाळावर मारून घेतले. लढाईत त्याचा उपयोग बेताचाच, पण भीती एवढी पसरली की न्यू यॉर्क राज्याने 1974 मध्ये त्यावर बंदी घातली आणि ती 2018 मध्ये न्यायालयाने रद्द केली. ब्रिटनच्या सेन्सॉरने तर कित्येक वर्षं त्याच्या चित्रपटांतले नानचाकूचे तुकडे कापून टाकले. एखाद्या नटाच्या हातातली वस्तू कायद्याच्या पुस्तकात जाते, असं क्वचितच होतं.

20 जुलै 1973 ला हाँगकाँगमध्ये मेंदूला सूज येऊन तो गेला. 'एंटर द ड्रॅगन' महिन्याभराने लागला आणि तुफान चालला. बाजारात माल नव्हता आणि मागणी प्रचंड. मग ब्रूस लाय, ब्रूस ले, ड्रॅगन ली अशा नावांच्या नकली नायकांचे कित्येक चित्रपट निघाले. त्यातले बहुतेक बघवत नाहीत. नक्कल न करता पुढे गेला तो जॅकी चॅन. 'फिस्ट ऑफ फ्युरी' मध्ये तो स्टंटमन होता, लाथ खाऊन दारातून बाहेर उडणाऱ्या खलनायकाचा डुप्लिकेट. पुढे निर्मात्यांनी त्यालाही ब्रूस लीसारखं रागीट करायचा प्रयत्न केला आणि ते चित्रपट पडले. मग त्याने सगळं उलटं केलं: हा मार खातो, विव्हळतो, पळतो, हसवतो. मला विचाराल तर ब्रूस लीचा सगळ्यात सच्चा शिष्य तोच. व्हिडिओ गेममधले ल्यू कँग, फेई लाँग, मार्शल लॉ ही सगळी पात्रं मात्र सरळ त्याच्यावरूनच घेतलेली आहेत, किंकाळीसकट.

नव्याने पाहणार असाल तर 'एंटर द ड्रॅगन' पासून सुरुवात करू नका. तो दिसायला सगळ्यात गुळगुळीत आहे, पण त्यात तो हॉलिवूडच्या मापात बसवलेला आहे. आधी 'फिस्ट ऑफ फ्युरी', मग 'वे ऑफ द ड्रॅगन'. कलोसियमची झुंज दोनदा पाहा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून आणि नजर फक्त त्याच्या पायांवर ठेवून. 'गेम ऑफ डेथ' ची 1978 ची आवृत्ती टाळा. त्याच्या मृत्यूनंतर डुप्लिकेट घेऊन जुळवलेला तो चित्रपट आहे. एका दृश्यात तर आरशावर त्याच्या चेहऱ्याचं कापलेलं चित्र चिकटवलंय आणि त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्यंही वापरली आहेत. त्याने स्वतः चित्रित केलेला भाग 2000 सालच्या माहितीपटात सलग जोडलेला मिळतो. त्यात पिवळा सूट घातलेला हा लहान चणीचा माणूस सात फूट दोन इंच उंचीच्या बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बारपुढे उभा आहे, आणि एवढ्या लांब हातांच्या माणसापर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न तो तुमच्यासमोर सोडवत जातो.